बोटीवर वारलेली आजी

“ही बाई तर बोटीवरच वारली आहे,” मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली.

टेबलापलीकडे मिस रामदीन बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सावळ्या, अंगात सुती फ्रॉक, मांडीवर पांढरी हॅट. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताखालच्या रजिस्टरकडे.

“मग शाळेत जाताना माझी वेणी कोण घालायचं, मिस्टर देवधर?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.



स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. नागपूरहून बदली होऊन मी कलकत्त्याच्या एका सरकारी रेकॉर्ड ऑफिसात आलो होतो. काम सांगायला सोपं. अर्जदाराला हवा असलेला जुना कागद शोधायचा, त्याची नक्कल करायची, ताडून पाहायची आणि ‘सर्टिफाइड कॉपी’ म्हणून साहेबांच्या सहीसाठी पाठवायची. खोल्या उंच, पंखे संथ, सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. गंगेवरून आगबोटीचा भोंगा ऐकू आला की सगळे क्षणभर मान वर करत आणि मग कुणीतरी चहा मागवी. मातीच्या भांड्यातला तो चहा मला पुढं कुठंच तसा मिळाला नाही.

मिस रामदीन ब्रिटिश गयानाहून आल्या होत्या. ही दक्षिण अमेरिकेतली वसाहत. तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी मागच्या शतकात कलकत्त्याहून बोटी भरभरून मजूर नेत. त्यांच्याकडून करार लिहून घेत. त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चं लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं होतं. अशाच एका शिडाच्या बोटीनं सुखिया नावाची बाई तान्ह्या मुलाला घेऊन गेली. मुलाचं नाव रामदीन. तो मोठा झाला, ख्रिश्चन झाला, आणि त्याचं नाव घराण्याचं आडनाव झालं. मिस रामदीन त्याची मुलगी. आयुष्यभर शाळेत शिकवून त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. वडिलांनी शेवटच्या आजारात एकच गोष्ट मागितली होती. माझ्या आईचं गाव बघून ये.

इंग्रजीतलं ‘माय’ लावून “माय आजी” असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी चमकलोच. मग कळलं, बिहारकडे भोजपुरीतही बापाच्या आईला आजीच म्हणतात. हॅट घातलेल्या बाईच्या तोंडून, इंग्रजी वाक्याच्या मध्येच आलेला तो शब्द. नागपूर सोडल्यापासून घराबाहेर तो माझ्या कानावर पडला नव्हता. ते काम मी जरा जास्तच मनावर घेतलं.

आमच्याकडे त्या बोटीचे तीन कागद होते. पहिलं डेपोचं रजिस्टर. डेपो म्हणजे गंगेकाठची ती जागा, जिथं बोट सुटेपर्यंत मजुरांना ठेवत. त्यात प्रत्येकाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि अंगावरची खूण लिहिलेली. दुसरी बोटीवरच्या डॉक्टरनं केलेली वाटेतल्या मृत्यूंची यादी. तिसरी पलीकडे उतरलेल्यांची यादी, जिची प्रत तिकडून कलकत्त्याला परत येई.

डेपोच्या रजिस्टरात सुखिया होती. जिल्हा गया, सोबत तान्हा मुलगा रामदीन. डॉक्टरच्या यादीत सुखिया तापानं वारली होती आणि तिला समुद्रात सोडलं होतं. उतरलेल्यांच्या यादीत तीच सुखिया, तोच नंबर, मुलासह धडधाकट.

घोषालबाबू आमचे सुपरिंटेंडंट. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“डॉक्टरची चूक आहे, देवधरबाबू. दुसरं कुणीतरी मेलं, यानं हिचं नाव लिहिलं. बोट हलत असते, मोशाय. गया जिल्ह्याची कॉपी द्या आणि मोकळे व्हा.”

मलाही ते पटलं होतं. पण नक्कल लिहिताना खुणेच्या रकान्याशी माझा टाक थांबला. सुखियापुढं लिहिलं होतं, चेहऱ्यावर देवीचे खोल व्रण.

दुसऱ्या दिवशी मी मिस रामदीनना सहज विचारावं तसं विचारलं, “तुमच्या आजींना कधी देवी आल्या होत्या?”

“छे! म्हातारपणीसुद्धा तिचा चेहरा तुळतुळीत होता. मी तिच्या गालाला गाल घासायची. हातावर मात्र गोदना होता. इथं.” त्यांनी डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. गोदना म्हणजे आपलं गोंदण.

त्या गेल्या आणि मी तिन्ही कागद शेजारी शेजारी उघडून बसलो. बोटीवरची एकेक बाई डेपोच्या रजिस्टरातून घ्यायची आणि ती मेली की उतरली ते पाहायचं. कंटाळवाणं काम. बहुतेक सगळ्या कुठं ना कुठं सापडल्या. एक सापडेना. फुलिया, विधवा, एकटी, जिल्हा शहाबाद. मेलेल्यांत नाही, उतरलेल्यांतही नाही. तिच्या खुणेच्या रकान्यात होतं, डाव्या हातावर कोपरापर्यंत गोंदण.

मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर ट्रामची घंटा वाजत होती.

आता सगळं उघड होतं. वारली ती सुखियाच. फुलियानं तिचं नाव घेतलं आणि पोराला कडेवर घेऊन उतरली. मजुरांच्या गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला असे. उतरवून घेणारा अंमलदार बिल्ला बघे, तोंड बघत नसे. गेलेल्यांतून मेलेले वजा केले की उतरलेल्यांची बेरीज बरोबर येत होती, त्यामुळं नावं ताडून बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

तिनं हे का केलं असेल? त्याच बोटीवर आणखी एका लहान मुलीचे आईबाप वारले होते. उतरलेल्यांच्या यादीत तिच्या नावापुढं डॉक्टरचा शेरा होता, ‘बंदरावर अनाथालयाच्या ताब्यात द्यावी.’ रामदीनपुढं तसा शेरा नव्हता. त्याला आई होती.

घोषालबाबूंना मी सगळं दाखवलं. ते बराच वेळ वाचत राहिले.

“हुशारी केलीत,” ते म्हणाले. “पण आपलं काम नकला देण्याचं. गोष्टी सांगण्याचं नाही. एवढ्या लांबून आलेल्या बाईला तुम्ही सांगणार, तुझी आजी तुझी नव्हतीच?”

“आणि नाही सांगितलं तर? त्या भलत्याच गावाला जाऊन येतील.”

“भलत्या कशा? रक्ताचं गाव तेच. फुलियाची कॉपी मी देऊ शकत नाही. नियम आहे, नक्कल नातेवाइकालाच. फुलियाशी हिचं नातं काय?”

नियम त्यांच्या बाजूचा होता.

त्या शनिवारी आम्ही मिस रामदीनना भवानीपूरच्या आमच्या बिऱ्हाडी जेवायला बोलावलं. माझी बायको सुशीला हिला इंग्रजी बेताचंच येई आणि त्यांना मराठी मुळीच नाही. तरी स्वयंपाकघरात दोघींचं छान चाललं होतं. सुशीला पोळ्या लाटत होती. मिस रामदीन पाटावर बसून बघत होत्या. एकाएकी म्हणाल्या, “माझी आजी पोळी उलटताना अशीच बोटं झटकायची.” सुशीला हसली आणि तिनं लाटणं त्यांच्याच हातात दिलं. त्यांची पोळी नकाशासारखी झाली. त्यांनी ती स्वतःच्याच पानात वाढून घेतली.

त्यांना ट्रामवर बसवून आल्यावर मी सुशीलेला विचारलं, “सांगू का त्यांना?”

ती भांडी आवरत होती. “त्या मास्तरीण आहेत ना? मग त्यांचं त्यांना वाचू दे. तुम्ही कशाला सांगताय?”

सोमवारी मी तसंच केलं. तिन्ही कागद क्रमानं त्यांच्यापुढं ठेवले, जागा दाखवल्या आणि काही बोललो नाही. त्यांनी सावकाश वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. फुलियाच्या ओळीवर त्यांनी तळहात ठेवला. आमच्याकडे रजिस्टराला हात लावू देत नसत. मी आड आलो नाही.

मग त्या म्हणाल्या, “माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं.”

“बहुतेक नसावं.”

“तिनं दुसरं लग्न केलं नाही. आम्ही विचारलं की म्हणायची, मला एक आहे तेवढा पुरे.” त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा चढवला. “दोन्ही गावांची नावं मला लिहून द्या.”

कॉपी नाही, पण साध्या कागदावर नावं लिहून द्यायला नियमाची आडकाठी नव्हती. हावड्याला मी त्यांना गाडीत बसवून दिलं. बाईनं एकटीनं त्या भागात फिरायचं, तेही फ्रॉक घालून, या विचारानं सुशीलेनं स्वतःची एक साडी बांधून दिली होती.

त्या परत आल्या तेव्हा ती साडी नेसूनच ऑफिसात आल्या. उन्हानं रापल्या होत्या. मी खुर्ची दिली. घोषालबाबू आपल्या टेबलाशी कागद चाळत होते, पण पान उलटत नव्हते.

गयेकडच्या गावात सुखियाला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. तिची वस्ती कधीच उठून गेली होती. मिस रामदीन तिथल्या विहिरीचं पाणी प्यायल्या, थोडा वेळ बसल्या, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि निघाल्या.

शहाबादकडच्या गावात फुलियाच्या भावाचा मुलगा सापडला. अगदी म्हातारा, डोळ्यांनी अधू. आत्या कुणालाही न सांगता निघून गेली, म्हणून घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती. आजीकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या भोजपुरीत मिस रामदीननी तिची सगळी हकिगत सांगितली, फक्त बोटीवरची सोडून. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं एकच विचारलं, “तिला मूलबाळ झालं?”

“मी म्हटलं, हो, एक मुलगा. माझे वडील.” मिस रामदीन माझ्याकडे बघत होत्या. “मी खोटं बोलले का, मिस्टर देवधर?”

“नाही,” असं मी म्हणायच्या आत घोषालबाबू मागून म्हणाले, “नो, मॅडम.”

मग त्यांनी चहा मागवला आणि मिस रामदीन यांचा अर्ज आपल्या टेबलावर आणायला सांगितलं.

दोन्ही नकला मीच लिहिल्या. अर्जात एक रकाना असतो, ‘नोंदीतील व्यक्तीशी अर्जदाराचं नातं’. सुखियाच्या नकलेसाठी मी लिहिलं, बापाची आई. फुलियाच्या नकलेसाठीही तेच लिहिलं.

घोषालबाबूंनी दोन्ही कागद शेजारी धरले. “एकाच बापाच्या दोन आया? वरून कुणी विचारलं तर?”

“रजिस्टर दाखवू, सर.”

“रजिस्टर दाखवू म्हणे,” असं पुटपुटत त्यांनी दोन्हींवर सही केली. पुढं कुणीही विचारलं नाही. सरकारी कामात बेरीज जुळली की कुणी नावं बघत नाही, हे मला त्या बोटीनं आधीच शिकवलं होतं.

त्या नोकरीत मी पुढं खूप वर्षं काढली. परस्परांशी न जुळणारे कागद रोज समोर येत. बहुतेक वेळा कारकुनाची डुलकी एवढंच कारण असे. पण प्रत्येक वेळी मी आधी विचार करी, इथं खोटं लिहून कुणाचं काय वाचलं असेल? नव्या मुलांना मी हे शिकवायला जाई तेव्हा ती म्हणत, साहेब, यात फार वेळ जातो. तो जातोच.