काचेवरचं प्लास्टिक

अठरा जुलै, शुक्रवार. दुपारची सुट्टी संपली होती आणि मी ओलं फडकं घेऊन शाळेतला मोठा डिजिटल फळा पुसत होते. सोमवारी तालुक्याहून साहेब येणार होते. आमच्या शाळेला शिपाई नाही, त्यामुळे साहेब येणार म्हटलं की फडकं कोणाच्या हातात येतं हे वेगळं सांगायला नको.

पुसून पुसून फळा काही स्वच्छ होईना. धूळ निघाली, पण वर एक गढूळ सावली तशीच. कोपऱ्यात नखानं खरवडलं तेव्हा लक्षात आलं, धूळ आतून होती. कारखान्यातून येताना काचेवर जे पातळ प्लास्टिक लावून पाठवतात, ते अजून तसंच होतं. त्याला ठिकठिकाणी फुगे आले होते. फळा आला त्या दिवशी नारळ फोडून त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, तेही त्याच प्लास्टिकवर वाळून बसलं होतं.

"मॅडम, हलक्या हातानं पुसा हो," मुख्याध्यापक दारातून म्हणाले. "प्लास्टिक निघालं नाही पाहिजे."

"सर, दोन वर्षं झाली हे येऊन."

"म्हणूनच तं म्हणतो. दोन वर्षं सांभाळलं, आता जाता जाता काऊन खराब करता?"

जाता जाता म्हणजे निवृत्त होता होता. शाळेतली एकेक वस्तू जशी आली तशी पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायची, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. माणूस वाईट नाही. वेळेवर येतात, खिचडी स्वतः चाखून बघतात, मुलांवर हात उचलत नाहीत. पण त्यांच्या मोटारसायकलच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा घेतल्यापासून निघालेलं नाही. मी एकदा म्हटलं, सर, उन्हाळ्यात चटका बसत असेल. तर म्हणाले, "बसू द्या. पण सीट पाहा कशी नवीन आहे." नवी सीट आणि भाजलेला माणूस. गाडीपुरतं हे ठीक आहे, भाजतात ते स्वतःच भाजतात. शाळेत भाजत होतं दुसरंच कोणी.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी आहे. जन्मापासून तिचे केस, भुवया, कातडी, सगळं पांढरट. गावात तिला भुरी म्हणतात. या आजारात नजरही अधू असते आणि उजेड सहन होत नाही. फळ्यावरचं तिला पहिल्या बाकावरूनही दिसत नाही. पुस्तक नाकाला लावते तेव्हा कुठे अक्षर लागतं, आणि पांढऱ्या कागदावर ऊन आलं की डोळे मिटूनच घेते. डोक्यानं मात्र तल्लख आहे. पाढे, कविता, ऐकून ऐकून पाठ.

मागच्या वर्षी एकदा मी तिला माझा फोन दिला. त्यात भूगोलाचं पुस्तक उघडलं, अक्षर मोठं केलं आणि रंग उलटे केले, म्हणजे पान काळं आणि अक्षरं पांढरी. ती सोय प्रत्येक फोनमध्ये असते, शोधायला मला चहा पिण्याइतका वेळ लागला. तिनं फोन नाकाजवळ धरला. बोटानं पान वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. मग म्हणाली, "मॅडम, हे डोयाले टोचून नाही राह्यलं."

मागून एक पोरगी ओरडली, "भुरे, फोन खाऊ नको बे!"

"तू आपलं दफ्तर खाय," ही मान वर न करता म्हणाली आणि पान सरकवून पुढचं वाचू लागली. पूर्णा नदीवरचा अख्खा परिच्छेद वाचला, अडखळत, पण कोणाच्या मदतीशिवाय.

पण माझा फोन दिवसभर माझ्याकडे कुठे असतो? सकाळी आल्या आल्या हजेरीचा फोटो, मग खिचडीचा फोटो, मग लावलेल्या झाडाचा फोटो. ग्रुपवर "माहिती तात्काळ पाठवा" सुरूच. मी मुलांना शिकवते याची माहिती मात्र तात्काळ कोणालाच नको असते. तिच्या हातातला फोन काढून घेऊन मला झाडासमोर उभं राहावं लागायचं.

आणि हे चालू असताना त्याच शाळेत, त्याच इमारतीत, लोखंडी कपाटात टॅब होते. अशाच मुलांसाठी आलेले. खोक्यांसकट कुलपात. टॅब बाहेर निघायचे ते फक्त कोणी पाहुणा आला की. मुलांच्या हातात एकेक द्यायचा, "हात लावू नका, नुसता धरा" असं बजावायचं आणि फोटो काढायचा. फोटोत ही मुलगी पहिल्या रांगेत, मधोमध. विशेष गरजा असलेलं मूल फोटोत दिसलं पाहिजे, नाहीतर फोटोला किंमत नाही. अशा एका फोटोत ती टॅब छातीशी धरून उन्हात डोळे मिटून उभी आहे. टॅब बंद आहे. तो फोटो शाळेच्या ग्रुपवर गेला, तिथून गावभर.

जुलैच्या सुरुवातीला चाचणी झाली. प्रश्नपत्रिका झेरॉक्सची, त्यातही अस्पष्ट. मुलीनं कोरा कागद दिला. याच गुरुवारी मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावून सांगितलं, "हिले इथं काही दिसत नाही. अंध मुलींच्या शाळेत टाका, राहायची सोय असते तिथं." ती शाळा दुसऱ्या जिल्ह्यात. आईनं तिथंच स्पष्ट सांगितलं की इतक्या दूर पाठवणार नाही. इथं काही होत नसेल तर दाखला काढून घरी ठेवते, लहान भावाला सांभाळेल. शनिवारी सकाळची शाळा असते, निंदायला जायच्या आधी येऊन दाखला नेते म्हणाली.

जाताना माझ्यापाशी थांबली. मोबाइल काढून तोच फोटो माझ्यासमोर धरला.

"जयभीम मॅडम. याच्यात तं माह्या पोरीच्या हातात आहे ते. मंग वर्गात काऊन नाही देत तिले?"

मी काय सांगणार? प्लास्टिक निघेल म्हणून? अंध शाळेची शिफारस ज्या मुलीसाठी केली, तिला दिसतं. दिसत नव्हतं ते आम्हाला.

तर शुक्रवार. फळा पुसून झाल्यावर मला टॅब चार्ज करायचे होते, सोमवारच्या फोटोसाठी. कपाटाची किल्ली साफसफाईपुरती माझ्याकडे होती. खोकी उघडली. प्रत्येक टॅबच्या काचेवरही प्लास्टिक, त्यावर टॅबचे गुण सांगणारी रंगीत चिकटपट्टी. दोन टॅब चार्जिंगला लावूनही सुरू झाले नाहीत. वापरून नव्हे, न वापरून मेले. बॅटरी वर्षभर चार्ज केली नाही की ती अशीच जाते. एवढं जपूनही वस्तू मेली, आणि जपणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही.

मी ते दोन्ही टॅब मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवले. "सर, हे पुढच्या माणसाला नवीनच मिळतील. फक्त चालणार नाहीत."

त्यांनी बटण दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. "असं कसं हो? कोणी सुरूबी केला नाही."

"तेच तर."

"मंग साहेबाले काय दाखवायचं?"

साहेबाले! तोंड उघडलं असतं तर सगळ्या शाळेनं ऐकलं असतं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि शेगावची बस पकडली. घरी मी भाकरी थापत असताना नवरा म्हणाला, आज परातीवर कोणाचा राग काढतेस?

शनिवारी पहिल्या बसनं गेले. प्रार्थनेच्या आधी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात नखं घातली आणि प्लास्टिक ओढलं. चर्र करत ते खालपर्यंत निघालं, स्वस्तिकासकट. मग एक चालू टॅब घेतला, त्याचंही काढलं, पुस्तक भरलं, रंग उलटे केले आणि मुलीच्या बाकावर ठेवला. तेच पान मोठ्या फळ्यावर सगळ्या वर्गासाठी.

मुख्याध्यापक आले. दारातच थबकले.

"मॅडम, काय केलं हे?"

"काढलं."

"ओरखडा पडला तं?"

"तर म्हणा मी पाडला. तसं लिहून देते."

ते फळ्याजवळ गेले, बोटानं काचेला हलकेच शिवून पाहिलं. "लई साफ दिसते हो," असं स्वतःशीच म्हणाले आणि लगेच बोट रुमालाला पुसलं.

तेवढ्यात आई आली, दाखल्याचा अर्ज हातात, डोक्याला निंदणाचं फडकं बांधलेलं. मी तिला मागच्या बाकावर बसवलं आणि मुलीला म्हटलं, वाच. ती टॅब नाकाजवळ धरून वाचू लागली. एक शब्द चुकला, मागे गेली, पुन्हा वाचला. जोडाक्षराला अडली तेव्हा दोन बोटांनी तेवढंच मोठं करून घेतलं. ते मी शिकवलं नव्हतं.

आई बघत राहिली. मग माझ्याकडे नाही, सरळ मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाली, "सोमवारच्या पावण्यापुरतं हाय का हे?"

ते माझ्याकडे पाहायला लागले. मी फळ्याकडे पाहत उभी राहिले. उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "राहील तिच्यापाशी."

"मंगयवारीबी?"

"मंगयवारीबी."

"मंग मी मंगयवारी येऊन पाहतो," ती म्हणाली. अर्ज फाडला नाही, दिलाही नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि शेताकडे गेली. तिचं बरोबर होतं. आमच्यावर एका सकाळीत विश्वास ठेवावा असं आम्ही काही केलेलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर खोली झाडली. फळ्याचं प्लास्टिक चांगलं लांबरुंद होतं, टाकवेना. पुसून घेतलं आणि खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांखाली अंथरलं. तिथं पावसाळ्यात ओल येते.