मामांचा फ्लश

माझे सासरे दगडोबा, त्यांना आम्ही मामा म्हणतो. लातुरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं नळ आला की मामा दिसेल ते भांडं भरतात. हंडे, बादल्या, कुकर. एकदा तर देवघरातली समईसुद्धा सुटली नाही.

यंदा माझ्या नवऱ्यानं, बालाजीनं, पाणी वाचवायला दोन बटणांचा फ्लश बसवला. छोटं बटण दाबलं की तीन लिटर, मोठं दाबलं की सहा. जुना एका दमात बारा लिटर गिळायचा. मामांनी नव्या टाकीचं झाकण उचलून आत बघितलं.

"लई भारी! सहा लिटर ठेवायला जागा झाली की!"

झालं! दोन्ही बटणांवर चिकटपट्टी आली. भरलेल्या पाण्याला हात लावायचा न्हाई, असा हुकूम. आम्ही मुकाट कपडे धुतलेलं पाणी बादलीनं ओतायचो. मी चिडले तर म्हणाले, "शीला, उन्हाळ्यात आठवण काढशील माझी."

परवा निलंग्याहून मामांचे जावई आले. सकाळी मामांच्या हातचा चहा पिऊन आत गेले आणि पट्टी काढून त्यांनी मोठं बटण दाबलं. आवाज ऐकताच मामा धावले आणि दार बडवू लागले.

"जावईबापू, काय करायलात? प्यायचं पाणी हाय ते!"

जावई बाहेर आले, तोंड पांढरंफटक.

"मामा," मी विचारलं, "सकाळचा चहा कुठल्या पाण्याचा होता?"

मामा टाकी पुन्हा भरते का, ते बघायला आत गेले.