रहेमान मिस्त्रींची बादली

मला लिहिण्याची सवय नाही. शाळेत शिपाई म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले कागद या खोलीतून त्या खोलीत नेले, एवढंच. त्यामुळे हे नीट उतरेल की नाही, देव जाणे. पण दिग्रसमध्ये रहेमान मिस्त्रींबद्दल जे बोललं जातं ते खरं नाही, आणि का खरं नाही हे मला माहीत आहे.

मिस्त्री गवंडी होते, पण पाण्याचे गवंडी. घरं बांधणारे पुष्कळ. पाणी धरून ठेवायचं बांधकाम असलं की लोक त्यांच्याकडेच यायचे. मशिदीतला वजूचा हौद त्यांचा, कापसाच्या जिनिंगमधली टाकी त्यांची. गिलावा सुकला की ते हौद काठोकाठ भरायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या भिंतीला गाल लावून बसायचे. “हाताले समजत नाई भाऊ, गालाले समजते,” असं म्हणायचे. जरा ओल वाटली तरी मालक नको म्हणत असताना स्वतःच्या हातानं फोडून पुन्हा करायचे.

आमच्या शाळेचा पोहण्याचा तलाव त्यांनीच बांधला. ते त्यांचं शेवटचं मोठं काम. दोन उन्हाळे मुलं त्यात डुंबली. तिसऱ्या उन्हाळ्यात शाळेची बोअर आटली, तलावासाठी टँकर मागवावे लागले, आणि तेव्हा कुठे पाणी रोज खाली जातं हे सगळ्यांच्या नजरेस आलं.

संस्थेचे अध्यक्ष उत्तमसिंग यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

“मिस्त्री, तुमचा तलाव गळून राह्यला.”

“गळत नाई साहेब. पाणी उडून राह्यलं. असं ऊन, वरून हा गरम वारा. रोजचं अर्धा इंच जाते.”

“अर्धा इंच! मग तर आपुनही एक दिवस उडून जाऊ.”

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, “चार दिवस द्या. पंप बंद, पोहणं बंद. मी दाखवून देतो.”

रविवारी संध्याकाळी त्यांनी रंगाची एक रिकामी बादली आणली. तलावाचंच पाणी तिच्यात भरलं, ती हलू नये म्हणून आत एक वीट उभी केली आणि तलावाच्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवली. बादलीच्या आत पाणी होतं तिथं लाल रेघ मारली, बाहेर तलावाच्या भिंतीवरही तशीच एक. बादलीला तर भोक नाही. तिच्यातलं पाणी जितकं उतरेल तितकंच तलावातलं उतरलं, तर ते उन्हानं नेलं. तलावातलं जास्त उतरलं, तर तलाव गळतो. इतकं साधं होतं.

मी त्या दिवशी भाचीच्या लग्नाला नेरला गेलो होतो. सोमवारी सकाळी कामावर आलो तर तलाव बंद असल्याची पाटी लागलेली. बादलीचं मला कोणी सांगितलं नाही.

तलावाजवळच्या कडुनिंबाखाली मी दर उन्हाळ्यात पाखरांसाठी पाण्याची भांडी ठेवायचो. चिमणीला बसता यावं म्हणून प्रत्येक भांड्यात एक दगड. मिस्त्री काम करत असताना ती भांडी पाहून म्हणाले होते, “चांगलं करून राह्यले देवरावभाऊ.” म्हणून पायरीवरची बादली पाहिली, तिच्यातून वर आलेलं विटेचं टोक पाहिलं, त्यावर बसलेली साळुंकी पाहिली, आणि मला वाटलं, मिस्त्रींनीही पाखरांसाठी पाणी ठेवलं. पाणी रेघेच्या थोडं खाली गेलेलं. इथवर भरायचं म्हणूनच रेघ मारली असणार. मी मगानं पाणी घातलं, अगदी रेघेपर्यंत. मंगळवारी घातलं, बुधवारी घातलं, गुरुवारी संध्याकाळी माणसं येणार म्हणून दुपारीही घातलं.

मिस्त्री चार दिवस तिकडे फिरकले नाहीत. आपण काही केलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी सगळे जमले. तलाव दोन इंच उतरला होता. बादलीतलं पाणी रेघेवर.

“मिस्त्री,” उत्तमसिंग म्हणाले, “तुमचीच बादली, तुमचीच रेघ. आता काय म्हणता?”

मिस्त्रींनी वाकून बादलीत पाहिलं. मग त्यांनी कडुनिंबाखालच्या भांड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तोवर बादली कशासाठी होती हे जमलेल्यांच्या बोलण्यातून मला समजलं होतं. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. नोकरीचं भय होतं असंही नाही. साहेब लोकांसमोर माझा आवाजच निघत नाही, लहानपणापासून. मी खाली फरशीकडे पाहिलं. मिस्त्रींनी बादली उचलली, पाणी तलावात ओतलं आणि निघून गेले.

पुढं गळती शोधायला तळ फोडला. खाली मुरूम निघाला, कोरडा, फुंकला तर उडेल असा. तो कोणी हातात घेऊन पाहिला नाही. फुटलेला तलाव मातीनं बुजवून टाकला. मिस्त्रींना त्यानंतर पाण्याचं काम कोणी दिलं नाही. “त्यायचा तलाव गळला ना,” एवढं पुरायचं. दीड वर्ष ते ओट्यावर बसून असायचे. मी तो रस्ता टाळून बाजारात जायचो.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा माझी बायको तानाबाई म्हणाली, “दीड वर्ष झालं तुमी झोपेत बादली बादली करून राह्यले. जा ना, सांगून टाका एकदाचं.”

गेलो. त्यांची सून अतिया चहा ठेवून आत गेली. मी कसंबसं सांगितलं.

“मले मालूम होतं,” मिस्त्री म्हणाले. “मे महिन्यात बादलीतलं पाणी चार दिवस हललं नाई. हे एकाच्याही ध्यानात नाई आलं?”

“मंग तुमी बोलले काहून नाई?”

“मी बोललो असतो तर म्हणले असते, आता दुसऱ्यावर टाकून राह्यला.” त्यांना धाप लागली. “तुमच्याकडं पाह्यलं ना मी. मले वाटलं, भाऊ सांगतील.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“साहेबांले सांगू काय आता?”

“सांगा,” ते म्हणाले. मग, “पाखरं येतेत काय अजून?”

“येतेत.”

नवव्या दिवशी ते गेले. मी उत्तमसिंगांकडे गेलो, सगळं सांगितलं. पहिल्यांदा आवाज निघाला. ते म्हणाले, “अहो देवराव, तलाव बुजला, माणूस गेला, आता काय त्याचं?” आणि गाडीत बसले.

मिस्त्रींचा मुलगा साद गवंडीकामच करतो. हौदाचं काम मागायला गेला की लोक तलावाचं नाव काढतात. त्यानंच मला म्हटलं, “काका, एकदा लिहून द्या.” म्हणून लिहिलं. तलाव गळत नव्हता. बादलीत पाणी मी घालत होतो.