हाजिर नव्हे, हजर

बाबा देवमाणूस नव्हते.

काल रात्रीपासून फोनवर सगळे तेच लिहिताहेत, म्हणून सांगून टाकते. देवभक्त होते. देवाचं आणि त्यांचं छान जमायचं. माणसांशी जरा अवघड होतं.

सुभेदार म्हणून रिटायर झाले, मग मंडीदीपच्या एका कारखान्यात सिक्युरिटीत लागले. पायाची दोन बोटं बर्फात गेलेली. तरी आरतीला कधी खुर्ची घेतली नाही. आम्हालाही भिंतीला टेकू दिलं नाही.

अरेरा कॉलोनीतल्या घरात रोज संध्याकाळी सातला गणपतीची आरती. आरतीनंतर हजेरी.

हो, हजेरी. पलटणीत घेतात तशी. सुनंदाताई आणि मी, दोनच पोरी, तरी बाबा आधी लाइन सरळ करायचे.

"सुनंदा?"

"हजर."

"वैजयंती?"

"हजर."

मग खडीसाखर.

आई घंटा धरून उभी. तिचं नाव पुकारत नसत. ती कुठे जाणार होती?

शाळा हिंदी, गल्ली हिंदी. ताईच्या तोंडून हमखास "हाजिर" निघायचं.

बाबा कोरड्या आवाजात म्हणायचे, "हाजिर शाळेत. घरात हजर. सुनंदा गैरहजर."

आणि पुढचं नाव. एकदा पुढे गेले की मागे येणं नाही. समोर उभी असलेली पोर गैरहजर, आणि तिला खडीसाखर नाही. आई डोळ्यांनी विनवायची. बाबा गणपतीकडे बघायचे.

मग ताईने ऑफिसातल्या थॉमसशी लग्न केलं. चर्चमध्ये.

बाबा गेले नाहीत. आम्हालाही जाऊ दिलं नाही. म्हणाले, "स्वतःहून येईल तेव्हा बघू." ताई त्यांचीच लेक. म्हणाली, "बोलावतील तेव्हा येईन."

ती राहायची हबीबगंज स्टेशनजवळ, रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. पुढे स्टेशनचं नाव बदललं, बाबांचं मत बदललं नाही. आई भाजी आणायला म्हणून जायची आणि दुपार उलटल्यावर कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत यायची. बाबा ती जुडी नुसती बघायचे.

पण लग्नाच्या त्याच संध्याकाळी, हजेरीला:

"सुनंदा?"

बाबांनी तिच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"गैरहजर. वैजयंती?"

रोज. वर्षानुवर्षं. आईच्या जखमेवर रोज सातला मीठ, आणि वर हातावर खडीसाखर. मला त्यांचा फार राग यायचा. अजून येतो.

एकदा मी भडकले. "नाव तरी काढून टाका तिचं!"

बाबा म्हणाले, "आमच्या पलटणीतला एक पोरगा बर्फाखाली राहिला होता. हाती लागेपर्यंत रोज त्याचं नाव पुकारलं. नाव मेलेल्याचं काढतात, वैजू."

"मग फोन करा ना तिला!"

"आरतीची वेळ माहीत आहे तिला."

इतका प्रेमळ खवीस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या आठवड्यात बाबांनी अंथरूण धरलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न विचारता ताईला बोलावलं.

परवा सात वाजता ताई त्यांच्या पलंगाशी उभी होती. मल्याळी नवरा, मराठी बायको, घरात भाषा हिंदी. इतक्या वर्षांची जिभेची सवय.

"सुनंदा?"

ताईला रडू फुटलं. "हाजिर, बाबा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ओळखलं, शंभर टक्के ओळखलं. ओठाचा एक कोपरासुद्धा हलला.

"गैरहजर. वैजयंती?"

ताई "हजर, हजर" म्हणत राहिली. पण पुढे गेले की मागे येणं नाही.

ते हसत होते की सूड उगवत होते, मला कळलं नाही. ताई म्हणते, हसत होते. तिला तसं वाटू दे.

निघताना मला म्हणाली, "उद्या बरोबर म्हणते बघ."

काल आरतीला तासभर असताना बाबा गेले.

ताईला फोन लागेना. दारात आली तीच हसत. "सात नाही ना वाजले? रस्ताभर घोकत आलेय, हजर, हजर. रिक्षावाला घाबरला, म्हणाला, मैडम, तबीयत तो ठीक है?"

मी बाजूला झाले. तिला आतलं दिसलं.

आज सकाळी सगळं उरकलं. थॉमसने खांदा दिला. बाबांना पहिल्यांदाच त्याबद्दल काही म्हणता आलं नाही. शेजारचे म्हणाले, "अंकलजी देवता आदमी थे." मी मान हलवली. तिथे कुठे वाद घालणार?

सुतक आहे, त्यामुळे आरती नाही. गणपतीला सुट्टी.

पण सात वाजले आणि आई उठली. देवघराच्या बाहेर उभी राहिली. आम्हा दोघींना दंडाला धरून लाइनीत घेतलं.

"सुनंदा?"

"हजर."

"वैजयंती?"

"हजर."

मग आई थांबली. माझ्या आईने उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नाही. बँकेत विचारलं तरी मला पुढे करायची.

"मधुकर?"

आम्ही तिघी उभ्या राहिलो.

"गैरहजर," आई म्हणाली, आणि आमच्या हातावर खडीसाखर ठेवली.

बाबा, भावपूर्ण श्रद्धांजली लोक वाहताहेतच. आम्ही तुमचं नाव काढलेलं नाही.

उद्या सातला पुकारू.