अमृतच्या पानाची काळी चौकट

लोणावळ्याच्या बाजारात अतुलचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, जत्रेची हँडबिलं... बावीस वर्षं हा माणूस एकेक पान हातानं लावत आला. मी निवृत्त मास्तर; त्याच्याकडे बसून प्रुफं वाचतो आणि चुका दिसल्या की त्याच्यावर खेकसतो. तो बिचारा ऐकून घेतो.

त्याला एक खोड होती. कुणाच्या फोटोभोवती काळी चौकट टाकायची झाली, की आधी त्या घरी फोन लावायचा. मी म्हणायचो, अरे बाबा, दहाव्याचं कार्ड छापायला आलेला माणूस काय थट्टा करतोय तुझी? तो नुसता हसायचा आणि फोन लावायचाच.

यंदा आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली. सहाशे चाळीस माजी विद्यार्थी, प्रत्येकाचा फोटो, चार ओळी, आणि हातात दिवस आठ. हातानं लावायचं म्हणजे वेड लागायची पाळी. अतुलनं नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. यादी आत टाकायची, दोन टेम्प्लेट करून ठेवायची आणि एक नियम सांगायचा. कुणाच्या पानाला कुठलं टेम्प्लेट लावायचं ते मग आपोआप ठरतं. यादी माझी होती. वारलेल्यांचा मोबाईलचा रकाना मी कोरा सोडला होता. अतुलनं त्याचाच नियम केला: रकाना कोरा असेल तर काळी चौकट आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पाऊण तासात पुस्तक तयार! गडी जाम खूश. एकेचाळीस चौकटी पडल्या, फोन मात्र एकही गेला नाही.

आता ऐका. कुरवंड्याचा अमृत अकरा वर्षांपूर्वी कंपनीत कामाला म्हणून घरातून गेला, तो परत आलाच नाही. प्रेत नाही, पत्ता नाही. त्याची बायको सारिका आजही कुंकू लावते, आणि तिला त्याबद्दल काही बोलायची गावात कुणाची टाप नाही. अमृतचाही रकाना मी कोराच ठेवला. काय लिहिणार होतो तिथं? आणि शेवटची पानं न वाचताच प्रुफावर सही ठोकली, तीही मीच. जळो मेली ती सही.

सातशे प्रती वाटून झाल्या आणि दोन आठवड्यांनी, संक्रांतीनंतर, पुस्तक चाळताना मला ते पान दिसलं. अतुलला दाखवलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं अमृतच्या कोऱ्या रकान्यात एक शब्द भरला, आणि स्क्रीनवरची चौकट क्षणात गेली. किती सोपं होतं ते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवं पान छापून आम्ही दोघं कुरवंड्याला गेलो.

अमृतची आई धोंडाबाई दारातच बसली होती. तिला वाचता येत नाही. पुस्तकातलं ते पान कापून तिनं भिंतीवर लावलं होतं. पोराचा फोटो छापून आला याचंच तिला केवढं कौतुक. अतुलला जवळ बसवून म्हणाली, “फोटू लय झ्याक आलाय. पर ही काळी पट्टी कशापायी रं?”

चहा घेऊन आलेल्या सारिकानंच उत्तर दिलं, “नक्षी हाय ती, आत्या.”

नवं पान तिनं घेतलं, घडी घालून फडताळात ठेवलं. आम्ही निघालो तशी रस्त्यापर्यंत मागं आली. अतुल हात जोडून सांगत होता, की सातशे घरं फिरेन, प्रत्येक पुस्तकात स्वतः पान चिकटवेन. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“चिकटवा, दादा,” ती म्हणाली. “बायांना वाटलं, घरच्यांनीच तसं छापून घेतलं. अवंदा संक्रांतीला एकाबी घरातनं मला हळदीकुंकवाचं बोलावनं आलं न्हाई.”