सतरा नंबरचा दिवा

आधीच सांगतो, नावं बदलली आहेत. मामींचं गावही बदललं आहे. बाकी सगळं जसं झालं तसंच लिहितोय.

माझं वय एकोणपन्नास. पंचवीस वर्षं नेटवर्कचं काम करतोय. या कामात भुताला जागा नसते... दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. सासरी कुणी देवचाराच्या गोष्टी काढल्या की मी उठून बाहेर जायचो. तेव्हा मला पटवून द्यायला येऊ नका, आणि समजावायलाही नको.

रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळी एक्स्पोर्ट करणारी एक कंपनी आहे, तिथे मी आयटी बघायचो. वर ऑफिस आणि सर्व्हर रूम, खाली कोल्ड स्टोअर, उणे अठरा डिग्री. दोन वर्षांपूर्वी आमचे सगळे सर्व्हर नवी मुंबईच्या डेटा सेंटरला हलवले. मागे राहिलं जुनं रॅक आणि त्यातला चोवीस पोर्टांचा स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती लोखंडी पेटी. ती काढून भंगारात द्यायची होती. पण पंधरा वर्षांत कुठली वायर कुठे जाते ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. लेबलं होती ती दमट हवेने पुसलेली.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. वायर काढायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. दहा मिनिटांत कुणाचा फोन आला नाही तर वायर मेलेली. आम्ही तिला ‘बोंब टेस्ट’ म्हणायचो. आदल्या दिवशी गोडाऊनमधली एक वायर काढली, तर तिकडचा क्लार्क जिन्यावरूनच ओरडत आला होता. आम्ही पोट धरून हसलो होतो.

कोल्ड स्टोअर सुर्वेमामांकडे होतं. माणूस अठ्ठावन्नचा, बारीक, कानाला कायम मफलर. ते त्याच दिवशी संध्याकाळी वर आले.

“साहेब, आमची घंटा पण ह्याच पेटीत हाय ना ओ?”

आत कुणी अडकलं तर दाबायचं बटण होतं ते. दाबलं की गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये बेल वाजायची. रोज सकाळी नऊला दार उघडलं की मामा ती तपासायचे. दोनदा दाबायचे, थांबायचे, मग एकदा. वॉचमन म्हणायचा, “आली मामांची हजेरी.”

“बघतो मामा.”

“बघतो नको. वायरीला चिकटपट्टी लावा लाल. मी आणून देतंय.”

“अहो मामा, बंद पडली तर तुम्ही बोंब माराल की! तेवढ्यासाठीच तर टेस्ट आहे.”

ते हसले. मीही हसलो. चिकटपट्टी लावायची राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेच काम. जुलै चालू होता, मासेमारीची बंदी. मुद्दामच हे दिवस निवडले होते — माणसं कमी, तक्रारी कमी. खाली मामा एकटेच. नऊला त्यांची हजेरी वाजली. दहा वाजून वीस मिनिटांनी मी सतरा नंबरची वायर काढली. दहा मिनिटं थांबलो. कुणाचा फोन नाही, जिन्यावर पाऊल नाही. वहीत लिहिलं, ‘१७ — शांत.’

दोन वाजता वॉचमन धावत आला. मामांचा डबा तसाच होता.

खाली जाऊन कोल्ड स्टोअर उघडलं. आतून दार उघडायचा दांडा बर्फाने जाम झाला होता. मामा दाराला टेकून बसलेले. बटणावरचं प्लॅस्टिकचं झाकण फुटलं होतं, बटण आत रुतलं होतं आणि त्यांच्या अंगठ्याची कातडी त्याला चिकटली होती. एवढं मी पाहिलं. वॉचमन डॉक्टरला फोन करायला बाहेर पळाला...

आणि मी रुमालाने बटण पुसलं, नखाने उचकटून पुढे काढलं, मग वर गेलो. वायर परत सतरा नंबरला लावली. मग खाली येऊन झाकणाचे तुकडे खिशात घातले. एवढं करायला मला चार-पाच मिनिटं लागली असतील. हात कापत नव्हते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चौकशीला अधिकारी आले. त्यांनी बटण दाबलं, गेटवर बेल खणखणीत वाजली. वॉचमननेही सांगितलं, सकाळी वाजली होती, नंतर नाही. निष्कर्ष निघाला — मयताने घंटा वाजवलीच नाही. डॉक्टर म्हणाले, बाराच्या आसपास गेले असावेत.

दिवसकार्याला भेटायला गेलो तेव्हा मामांच्या बायकोने, मामींनी, मला बाजूला बोलावलं.

“तुम्ही मशीनवाले ना? घंटा चालू व्हती?”

“हो मामी.”

“सकाळी आमचं वाजलं व्हतं. कालवणात मीठ नाय म्हणून ताट सारलान त्यांनी. मी म्हटलं, जावा, तिकडंच ऱ्हावा बर्फात. परत येवू नका.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “रागानंच नाय वाजवली ना ओ त्यांनी?”

मी म्हटलं, “तसं काही नसतं मामी.” मला फक्त ‘वाजवली होती’ एवढंच म्हणायचं होतं.

गणपतीनंतर घंटेला नवी लाईन टाकली आणि जुना स्विच भंगारात गेला. आठवड्याने भाट्याच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याचा फोन.

“ओ साहेब, ही तुमची पेटी घेऊन जावा. हिच्यात बॅटरी ठेवलीव काय?”

“बॅटरी नसते त्यात.”

“मगे दिवा कसा लागतो? माझी बायको दुकानात यायला तयार नाय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. तराजूशेजारी स्विच पडलेला, पॉवरची वायरसुद्धा नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी सतरा नंबरचा हिरवा दिवा लागला. दोनदा. थांबला. मग एकदा. परत दोनदा... आधी भराभर, मग सावकाश. मधली अंतरं वाढत गेली. पावणेबाराला एकदाच लागला, बराच वेळ तसाच राहिला, आणि विझला.

भंगारवाला म्हणाला, “बगितलंव? रोज असंच.”

मी स्विच घरी आणला. खोलला. पॉवर सप्लाय काढून टाकला. तरी रोज, त्याच वेळी. सुट्टीच्या दिवशी मी माळ्यावर त्याच्यासमोर बसून राहायचो. दीड तास. माणूस दीड तास वाट बघतो म्हणजे किती, ते मला तिथे कळलं.

वर्षश्राद्धाच्या आधी मी ठरवलं — पुरे. पेटी कापडी पिशवीत घातली आणि मामींच्या गावी गेलो. गुहागर तालुक्यात, हेदवीच्या बाजूला म्हणू. मामी एकट्याच होत्या, ओटीवर आमसुलं निवडत. खूप वाळल्या होत्या. कालवणात मीठ घालायचं सोडलंय, त्या सहज म्हणाल्या. वर्षभर अळणीच जेवतात.

मी पेटी बाहेर काढून ठेवली. वाक्य पाठ केलं होतं. घड्याळ बघत बसलो.

दिवा लागला. दोनदा. मग एकदा.

मामींचा हात सुपातच राहिला. बराच वेळ त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, “आमचे हे कडी अशीच वाजवायचे. दोनदा, मगे एकदा. मी ओळखायची.” आणि माझ्याकडे वळल्या. “ह्या काय हाय ओ?”

सगळं ओठांवर होतं...

“काही नाही मामी. जुनं मशीन आहे. लूज कॉन्टॅक्ट.”

“असां,” त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी सरबत करायला आत गेल्या. त्या आत गेल्या आणि दिवा विझला. साडेदहाही वाजले नव्हते.

त्यानंतर तो कधीच लागला नाही. मी रोज दहा-वीसला बघतो. पॉवर सप्लाय परत बसवून, करंट देऊनही बघितलं. बाकीचे तेवीस दिवे लागतात. सतरा शांत. दिवा का लागायचा ते मला सांगता येत नाही, आणि का थांबला तेही नाही.

मामींच्या गावचं कुणी हे वाचत असेल, तर त्यांना एवढंच सांगा... मामांनी वाजवली होती. अंगठा फाटेपर्यंत वाजवली होती.

पण तुम्हाला कसं कळणार म्हणा. नावं मी बदलली आहेत.