डाव्या हाताचं सारवण

रेवसच्या खाडीत किशोरी पाहुण्यांना कयाकमधून फिरवते, हे सांगायला पहिल्या वर्षी तिच्या नवऱ्यालाच लाज वाटायची. चंदर धक्क्यावर लाँचचे दोर बांधायचा. किहीमच्या एका रिसॉर्टने टाकून दिलेल्या तीन कयाक किशोरीने आणल्या, त्यांच्या चिरा स्वतः बुजवल्या आणि मे महिन्यात लोकांना कांदळवनात न्यायला सुरुवात केली. तेव्हा तिची चाळिशी उलटली होती.

अलीकडे मे महिन्यातच आभाळ भरून येतं, दोन-दोन दिवस भुरभुर चालते. पाहुण्यांना वाटायचं, फेरी आता रद्द होणार. किशोरीला मात्र तसलीच खाडी आवडायची. ऊन नाही, वारा नाही, तिवरांच्या पानांवरून ठिबकणारं पाणी आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे. “भिजायला तयार हाव ना? मंग चला,” एवढंच ती म्हणायची.

कांदळवनाच्या आत तिचं जुनं गाव होतं. ती सहावीत असताना उधाणाच्या एका दुपारी बांधाला खांड पडली आणि समुद्र शेतात शिरला, तो परत गेलाच नाही. माणसं टेकडीच्या पायथ्याशी राहायला गेली. किशोरीची आई, ठमी, शेळी सोडवायला घराकडे मागे फिरली. चार दिवस होड्या फिरल्या, पण ती सापडली नाही. शेळी त्याच संध्याकाळी पोहत बाहेर आली होती.

आता भरतीला गावाच्या गल्लीतून कयाक जाते. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या भिंती, खिडक्यांतून बाहेर आलेली तिवरं. उंच जोत्यावरचं एकच घर पाण्याच्या वर राहिलं होतं, तेही अर्धं पडलेलं. ओटीवरची कौलं तेवढी शाबूत होती. ते किशोरीचं घर.

यंदाच्या मेमध्ये सरोजिनीबाई आल्या. किहीमला त्यांची नारळाची वाडी, शाळेतून निवृत्त झालेल्या, पक्ष्यांचा नाद. बरोबर भाची गौरी. सकाळची दहाची वेळ होती आणि बारीक पाऊस लागला होता. बाई खुशीत होत्या. खंड्या दिसला, तुतवार दिसले, एक पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसला. गल्लीत शिरल्यावर त्या कान देऊन ऐकू लागल्या.

“किशोरी, बराच वेळ झाला, एक पक्षी बोलला नाही गं.”

“पाऊस हाय ना, बाई.”

“पाऊस तिकडेही होताच की.”

वळण घेतलं आणि ते घर समोर आलं. बाईंनी वल्हं थांबवलं.

“इथे अजून कोणी राहतं?”

“न्हाय. पस्तीस वरसं झाली.”

“मग ती ओटी कोणी सारवली?”

किशोरीने वर पाहिलं. ओटीचा एका टोकाकडचा भाग शेणाने नीट सारवलेला होता. एकाशेजारी एक अर्धगोल रेघा. गौरीने कयाक जोत्याला लावून हात लांब केला आणि बोट टेकवलं. “ओलं आहे,” ती म्हणाली.

“चिंबोऱ्या धरणारं असंल कुणीतरी.”

“चिंबोऱ्या धरणारा सारवत बसेल?” बाई म्हणाल्या.

रेघांवरून किशोरीची नजर निघत नव्हती. उजव्या हाताने सारवलं की वळण एका अंगाला झुकतं. हे उलट झुकलं होतं. तिची आई डावखुरी होती.

ती दोघींना घेऊन परत फिरली. गल्लीतून निघताना मागून आवाज येत राहिला. ओल्या जमिनीवरून तळहात फिरावा तसा. जरा थांबून पुन्हा. कोणीच मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी किशोरी शकूकडे गेली. वस्तीवर म्हशी शकूच्याच. “शेण कुणी नेलं का गं?”

“कुणी न्यायचंय? आता सगळ्यांच्या घरी फरशी हाय.”

मग ती बापाकडे गेली. विनेशबाबा पडवीत जाळं विणत बसले होते. तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत.

“बाबा, तुम्हाला ठाव होतं?”

“दर उधाणाला मला तिकडनं वास येतो. शेणाचा.”

“मंग बोललात का न्हाय?”

“तू ल्हान होतीस. मागनं मोठी झालीस, तवा बोलायला उशीर झाला.” जाळ्याची गाठ ओढून ते म्हणाले, “येकटीच सारवते. घर मोठं हाय.”

दुसऱ्या दिवशी किशोरीने शकूकडून बादलीभर शेण घेतलं आणि एकटीच निघाली. ओटीवर चढली तेव्हा सारवण कालच्यापेक्षा पुढे आलं होतं, निम्म्यावर. आतल्या खोलीच्या दारात अंधार होता. तिने तिकडे पाहायचं टाळलं, पाठ वळवली आणि उरलेल्या अर्ध्या भागाला हात घातला.

“आय, माझं वळण उजवं हाय,” ती म्हणाली. “जुळणार न्हाय. चालवून घे.”

सारवताना तिला आपल्या हाताचा आवाज येत होता, आणि त्याच्या जरा मागे दुसऱ्या हाताचा. ती थांबली की तोही थांबायचा. भरतीचं पाणी पायरीला लागलं तेव्हा शेण संपलं. दोन्ही बाजूंच्या मध्ये हातभर जागा कोरडी राहिली होती. ती हळूहळू उतरली. धावली नाही.

तिसऱ्या दिवशी ती हातभर जागा भरलेली होती. ओटीभर एकही कोरडा ठिपका नव्हता. किशोरी कयाकमध्येच बसून राहिली. आत कसलाही आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने शेजारच्या तिवरावर एक खंड्या ओरडला, तेव्हा ती भानावर आली आणि रडली. आई गेली तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. सगळे शेळीकडेच बघत होते.

आठवडा संपायच्या आत बाईंचा फोन आला. मैत्रिणींना ती सारवलेली ओटी दाखवायची होती, फोटो काढायचे होते.

“तिकडं न्हाय नेत मी आता, बाई. तिथं आमचं घर हाय.”

बाई म्हणाल्या, “बरं. दुसरीकडून जाऊ.”

रविवारी गौरी धरून पाच बायका भिजत, हसत पलीकडच्या फाट्यातून गेल्या. बगळ्यांचा मोठा थवा दिसला. एकीची टोपी पाण्यात पडली, ती काढताना दुसरीच पाण्यात पडली. किशोरीने तिला वर ओढलं. सगळ्या ओरडत होत्या, ती मधूनच वल्हं पाण्याबाहेर धरून कांदळवनाकडे कान देत होती.

“काय ऐकतेस?” गौरीने हळूच विचारलं.

“काय न्हाय,” किशोरी म्हणाली. “चला, भरती फिरायच्या आत निघू.”